अडकित्ता आणि दोर

दोर आधी हातातून नुसता सरकू द्यायचा, एकदम घट्ट धरायचा नाही. मग मूठ हळूहळू आवळत न्यायची. आपली गती आणि दोराची गती एक झाली की कमरेच्या पट्ट्याला बांधलेला लोखंडी अडकित्ता दुसऱ्या हाताने दोरावर उलटवायचा आणि त्याच्या दांड्या मिटून धरायच्या. जबड्यात दोर अडकतो, कमरेला हिसका बसतो आणि आपण डोंगर चढू लागतो. पायांत स्की असतात, समोर पांढरा चढ असतो आणि कानाशी दोराचा घरघराट. थोड्या थोड्या अंतरावर खांब येतो, त्यावर कप्पी. दोर कप्पीवरून जातो, पाठोपाठ अडकित्ताही खडखडत जातो. बोटं तिकडे जाता कामा नयेत. वेणी जॅकेटच्या आत असली पाहिजे, मफलरचं टोक बाहेर लोंबत असता कामा नये.

न्यूझीलंडमध्ये याला ‘नटक्रॅकर’ म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आजीच्या पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता आला. घडण तीच: एका टोकाला बिजागरी, दोन दांड्या, मध्ये जबडा. सुपारीच्या जागी धावता दोर.

पहिल्या खेपेला मूठ लवकर आवळली आणि तोंडावर पडले. दुसऱ्यांदा अडकित्ता उलटला, पण दांड्या मिटायला उशीर झाला. मागे चार-पाच माणसं उभी होती. कुणी उसासा टाकला नाही, कुणी वळसा घालून पुढे गेलं नाही. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि न बोलता स्वतःच्या हाताने ती हालचाल तीन-चार वेळा हवेतच करून दाखवली. तिसऱ्या खेपेला मी वर गेले. वर पोहोचून मागे वळून पाहिलं तेव्हा सबंध उतारावर मला अकरा माणसं मोजता आली.

जुलैचा दुसरा आठवडा होता. न्यूझीलंडच्या शाळांना तेव्हा दोन आठवड्यांची हिवाळी सुटी असते. ऑस्ट्रेलियातल्या शाळांच्या सुट्याही त्याच सुमारास येतात, आणि तिकडची कुटुंबं विमानं भरभरून क्वीन्सटाउनला उतरतात. मोठ्या स्की केंद्रांवर त्या दिवसांत सकाळी वाहनतळ भरतो, भाड्याच्या बुटांसाठी रांग लागते, मग तिकिटाची रांग, मग पाळण्याची. माझी भाची ख्राइस्टचर्चला राहते. तिने फोनवरच बजावलं होतं, “मावशी, तू सुटीत येतेयस, तर आपण मोठ्या डोंगरावर जायचंच नाही. क्लबवर जाऊ. पण तिथे भांडी घासावी लागतात हं.”

हा लेख त्या भांडी घासण्याबद्दल आहे.

ख्राइस्टचर्चहून पश्चिमेला निघालेला ७३ क्रमांकाचा महामार्ग कँटरबरीचं सपाट मैदान ओलांडून स्प्रिंगफील्ड या छोट्या गावापाशी डोंगराला भिडतो. तिथून पोर्टर्स पास. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ९४० मीटरवर आहे, म्हणजे पुढे ज्या आर्थर्स पासच्या नावाने हा सगळा रस्ता ओळखला जातो त्याहून थोडा उंचच. घाट उतरलं की कॅसल हिलचं खोरं लागतं. गवताळ उतारांवर चुनखडीचे प्रचंड करडे खडक उभे आहेत. माओरी लोक या जागेला कुरा ताफिती म्हणतात, आणि दक्षिण बेटावरच्या नाई ताहू या जमातीसाठी ती पवित्र आहे. डाव्या हाताला क्रेगीबर्न पर्वतरांग दिसू लागते, आणि या रांगेच्या कुशीत जवळजवळ असे कितीतरी स्की क्लब आहेत: माउंट चीझमन, ब्रोकन रिव्हर, क्रेगीबर्न व्हॅली, पलीकडच्या बाजूला माउंट ऑलिंपस, आणि रस्त्याने आणखी पुढे गेलं की आर्थर्स पासजवळ टेंपल बेसिन. शहरापासून साधारण दीड-दोन तासांचं अंतर.

आम्ही ब्रोकन रिव्हरला गेलो. महामार्ग सोडला की खडीचा अरुंद रस्ता बीच वृक्षांच्या दाट रानातून चढत जातो. बर्फ असेल तर चाकांना साखळ्या चढवाव्या लागतात, आणि त्या आपल्या आपणच चढवायच्या. गाडी खाली ठेवायची, सामान आणि माणसं वर नेणाऱ्या छोट्या ट्रॅममधून रान ओलांडायचं, आणि झाडी संपते तिथून पुढे पायी. माथा सुमारे १८०० मीटरचा, आपल्या कळसूबाईहून जेमतेम दीडशे मीटर जास्त. पण ही जागा विषुववृत्तापासून ४३ अंश दक्षिणेला आहे, आणि त्यामुळे जून संपता संपता हे कडे पांढरे होतात.

टेंपल बेसिनला तर एवढाही आधार नाही. राष्ट्रीय उद्यानातली जागा, वर गाडीरस्ता नाही. सामान तारेवरच्या पाळण्यात टाकायचं आणि माणसांनी सुमारे तासभर चढायचं. पाठीवर झोपायची पिशवी घेऊन, स्कीचे जड बूट हातात धरून आई-वडिलांच्या मागे चालणारी मुलं तिथे पाहायला मिळतात. एक तास चढायची तयारी हीच त्या जागेची तिकीटखिडकी आहे. मला हे फार आवडलं.

हे क्लब ‘खासगी’ आहेत, पण आपल्या मनात त्या शब्दाने जे येतं तसे नाहीत. उंच कुंपण, दारावर गणवेशातला रखवालदार, आत फक्त सभासद, असं चित्र आपल्या जिमखान्यांनी आपल्याला दिलेलं आहे. इथे जमीन बहुतांश सरकारी संवर्धनक्षेत्राची. क्लबला मिळतो तो तिथे दोर, झोपड्या आणि यंत्रं चालवण्याचा परवाना. डोंगर सगळ्यांचाच राहतो. कुणीही यावं, दिवसाचं तिकीट काढावं. सभासदाला ते स्वस्त पडतं, पाहुण्याला थोडं महाग, पण तेही मोठ्या केंद्रांपेक्षा कमी. मग सुटीतही इथे गर्दी का होत नाही, हा प्रश्न मला आल्या दिवसापासून पडला होता.

गर्दीची माझी स्वतःची एक जुनी आठवण आहे. मी स्की शिकले गुलमर्गला, केंद्रीय पर्यटन खात्याच्या संस्थेत, दोन आठवड्यांच्या वर्गात. गुलमर्गला स्कीची परंपरा जुनी आहे. १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला होता, आणि नाताळात तिथे मेळावे भरत. आम्ही शिकत होतो तेव्हा सकाळी लवकर, प्रवासी यायच्या आधी, उतार आमचा असे. पुढे काही वर्षांनी घरच्यांना ‘माझा डोंगर’ दाखवायला म्हणून नाताळच्या सुटीत मी पुन्हा गेले. गोंडोलाच्या रांगेत आमचे जवळपास चार तास गेले. पुण्याची, नाशिकची, सुरतेची माणसं होती, भाड्याचे गमबूट आणि ओले कोट घातलेली, लहान मुलं कडेवर घेतलेली. सगळ्यांचा त्या बर्फावर माझ्याइतकाच हक्क होता. तरीही संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा काहीतरी हिरावलं गेल्यासारखं वाटत राहिलं. हे वाटणं बरोबर की चूक, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. पण ते खोटं नव्हतं.

सुटीची गर्दी ही सुटीच्या रचनेतच असते. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक मिळते, आणि डोंगर मोजकेच. त्यात अमेरिकेत २००८ पासून एपिक आणि २०१८ पासून आयकॉन असे हंगामी पास आले. एकदा पैसे भरा आणि डझनावारी डोंगरांवर हंगामभर जा. तिकीट आधीच घेतलेलं असल्यावर माणसं निघतातच. त्याच काळात पाळणे वेगवान झाले. जुना संथ पाळणा माणसांना खाली रांगेत थोपवून धरत असे. नवा त्यांना भराभर वर नेऊन उतारावर सोडतो, म्हणजे रांगेतली गर्दी उतारावर जाते आणि तिथे धडका होतात. २०२४ च्या नाताळानंतर युटामधल्या पार्क सिटीत सुमारे दोनशे स्की पेट्रोलर संपावर गेले आणि तो संप जवळपास दोन आठवडे चालला. बर्फ तपासून, हिमप्रपाताचा धोका काढून उतार खुले करणारी माणसंच नव्हती. बरेचसे उतार बंद, आणि ऐन सुटीत हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेले लोक उरलेल्या पाळण्यांपुढे तासन्तास उभे. उभं राहण्याचे एवढे पैसे घेणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

या गर्दीतून सुटण्याची एक वाट पैशाची आहे. माँटाना राज्यातला यलोस्टोन क्लब हे तिचं टोक. सबंध डोंगर खासगी, सभासद व्हायला तिथे घर किंवा जमीन घ्यावी लागते आणि कुटुंबांची संख्या ८६४ वर थांबवलेली. बर्फ पडून दोन-तीन दिवस झाले तरी उतारावर रेघ न उमटलेल्या जागा शिल्लक असतात, हीच तिथली खरी चैन. पण तिथल्या पैशालाही धक्के बसतात. २००८ च्या मंदीत हा क्लब दिवाळखोरीत गेला आणि पुढच्या वर्षी नव्या मालकांकडे आला. व्हरमाँटमध्ये हेस्टॅक नावाचा एक पूर्वी सर्वांना खुला असलेला डोंगर हर्मिटेज क्लबने खासगी केला. २०१८ साली कर्जात बुडून तो बंद पडला, आणि २०२० मध्ये लिलावात सभासदांनीच एकत्र येऊन विकत घेतला. अलीकडे युटातल्या पावडर माउंटनवर नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी काही पाळणे फक्त तिथल्या घरमालकांसाठी राखून ठेवले. डोंगराचा एक भाग सर्वांचा, एक भाग मोजक्यांचा, अशी नवी वाटणी.

मधल्या वाटाही आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला एलिकॉटव्हिल गावात हॉलिमाँट नावाचा क्लब १९६२ पासून आहे. शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी फक्त सभासद, इतर दिवशी कुणीही. म्हणजे पैसे मोजायचे ते डोंगरासाठी नाही, तर सुटीच्या दिवसासाठी. मला ही कल्पना प्रामाणिक वाटते. मॅड रिव्हर ग्लेन हा व्हरमाँटचा जुना डोंगर १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. तिथे मुख्य पाळण्याला एका वेळी एकच माणूस बसेल अशी खुर्ची आहे, आणि ती बदलायची वेळ आली तेव्हा भागधारकांनी तीच दुरुस्त करून ठेवली. वर कमी माणसं पोहोचतात, म्हणून खाली येताना जागा असते. हिशेब इतका साधा आहे.

न्यूझीलंडच्या क्लबांनी हा हिशेब ठरवून मांडला नव्हता. त्यांच्याकडे पैसा नव्हता, एवढंच. १९१३ साली उत्तर बेटावर रुआपेहू स्की क्लब निघाला, देशातला पहिला. ख्राइस्टचर्चची माणसं आगगाडीने डोंगरात येऊ लागली. विशी-तिशीच्या दशकांत कँटरबरीत एकामागून एक क्लब उभे राहिले. माउंट ऑलिंपस चालवणाऱ्या मंडळाचं नाव आजही विंडव्हिसल विंटर स्पोर्ट्‌स क्लब आहे, पायथ्याच्या मैदानातल्या एका वस्तीच्या नावावरून. १९३६ साली तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने चाळीस तासांचा आठवडा आणला, १९४४ च्या कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. मला हे दोन कायदे कुठल्याही यंत्रापेक्षा महत्त्वाचे वाटतात. साध्या नोकरदाराच्या हातात शनिवार आला. त्या शनिवारी त्याने लाकूड पाठीवर वाहिलं, झोपडी बांधली, रस्ता खणला.

दोर त्यानंतरचा. उत्तर अमेरिकेत अशा दोराची सुरुवात क्यूबेकमधल्या शॉब्रिजला १९३३ मध्ये झाली, पुढच्याच वर्षी व्हरमाँटच्या वुडस्टॉकमध्ये फोर्डच्या जुन्या मोटारीच्या इंजिनावर दोर फिरला. न्यूझीलंडमध्ये १९४७ साली कोरोनेट पीकवर जो दोर लागला तो बिल हॅमिल्टन यांच्या कारखान्यातला. उथळ नद्यांतून धावणारी जेटबोट ज्यांनी जगाला दिली ते हेच. मेंढपाळीच्या मुलुखात घरच्या कारखान्यात यंत्रं घडवणारा हा माणूस. क्लबांना हे तंत्र फार सोयीचं पडलं. एक इंजिन, काही खांब, कप्प्या आणि एक लांब दोर. तुटलं तर आपल्यालाच दुरुस्त करता येतं. मोठ्या केंद्रांनी पुढे खुर्च्या आणि गोंडोले आणले. यांनी दोर ठेवला.

आता गर्दी का होत नाही याचं उत्तर. दोरावर जायला शिकावं लागतं, आणि पहिल्या दिवशी हात भरून येतात. क्रेगीबर्न व्हॅलीत तर यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेला एकही उतार नाही. पडेल तसा बर्फ, असेल तसा कडा. कृत्रिम बर्फाची सोय नाही. उंची हॉटेलं नाहीत. लॉजमध्ये बंक असतात, पांघरूण आपलं न्यायचं. चाकाला साखळी आपण लावायची. यातली एकेक गोष्ट थोडी थोडी माणसं कमी करत जाते. मोठ्या जाहिरातीत सुटी म्हणजे सगळं आयतं. इथे सुटीतही काम आहे. आणि काम आहे म्हणून जागा आहे.

संध्याकाळी लॉजमध्ये फळ्यावर नावं लागली. माझ्या नावापुढे भांडी, भाचीच्या नावापुढे सकाळचं झाडणं. जेवायला मेंढीच्या मांसाचा रस्सा, भाजलेला भोपळा आणि माझ्यासाठी बाजूला काढलेली डाळ होती. कुणाची तरी मुलगी, फार तर नऊ वर्षांची, माझ्या शेजारी उभी राहून ताटं पुसत होती. मोठा डाव कुठे, तिसऱ्या फळीवर मागे काय ठेवायचं, हे तिला पाठ होतं. मला ती न लाजता दाखवत होती. बूट वाळवायच्या खोलीत मोज्यांचा ओला वास, बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी उद्याच्या वाऱ्याचा अंदाज सांगतंय. वायव्येचा कोमट वारा आला तर बर्फ जड होणार, दक्षिणेची थंडी आली तर नवा पडणार. शेतकऱ्याच्या घरी पावसाबद्दल जसं बोलतात तसंच हे बोलणं होतं.

मला तिथे आपल्याकडच्या दुर्गसंवर्धनाच्या मंडळींची आठवण आली. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्तास अडकून पडली होती. त्याच गडांवर इतर दिवशी मोजकी माणसं जातात, टाक्यातला गाळ घमेल्याने उपसतात, ढासळलेले दगड बाजूला लावतात, खालून पाणी-भाकरी घेऊन येतात. मीही काही वर्षं गेले आहे. गाळ काढलेल्या टाक्याचं पाणी पिताना गड जितका आपला वाटतो तितका तो दुसऱ्या कशाने वाटत नाही. आणि हेही खरं, की गाळ काढायला बोलावलं तर गर्दी कधीच होत नाही.

क्लबची खरी कामं उन्हाळ्यात होतात, म्हणजे तिकडच्या जानेवारी ते एप्रिलमध्ये. वाहून गेलेला रस्ता भरणं, लाकूड फोडून रचणं, कप्प्यांना वंगण, छपराला रंग. पगारी माणसं थोडी असतात: व्यवस्थापक, हिमप्रपाताचा अंदाज घेणारे पेट्रोलर, दोर चालवणारे, स्वयंपाकी. बाकी सभासद. सर्वांत नाजूक काम दोर सांधण्याचं. दोर म्हणजे एक अखंड वेढा असतो, त्याला टोक असून चालत नाही. आणि तो कप्पीतून, अडकित्त्यातून जाणार, म्हणून गाठ मारता येत नाही. सांध्याची जाडी बाकी दोराइतकीच हवी. म्हणून दोन्ही टोकांचे पीळ कित्येक हात उसवायचे, एका टोकाचा एक पेड काढत त्याच्या जागी दुसऱ्याचा पेड बसवत न्यायचा आणि टोकं आतल्या आत लपवायची. मला दोर पकडायला शिकवणाऱ्या गृहस्थांनीच रात्री शेगडीपाशी सुतळीच्या दोन तुकड्यांवर हे करून दाखवलं. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली होती आणि तरीही पेड बरोबर जागी जात होते. हे काम येणारी माणसं आता क्लबात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, असं ते म्हणाले. भाची समोर बसून पाहत होती.

हे सगळं टिकून आहे त्यामागे कायद्याचाही एक हात आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातांसाठी राष्ट्रीय भरपाई योजना आहे. अपघात झाला, मग चूक कुणाचीही असो, उपचार योजनेतून होतात. पाहुण्यांनाही ते मिळतात. त्याच्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क जवळपास संपवलेला आहे. जिथे एका पडण्यावरून लाखोंचा दावा लागू शकतो, तिथे हौशी सभासदांनी चालवलेला उघडा दोर आणि अडकित्ता विम्याच्या हप्त्यानेच बंद पडला असता असं मला वाटतं. म्हणजे पन्नास माणसांच्या या डोंगरामागे अख्ख्या देशाने वाटून घेतलेली जोखीम आहे. एकांताच्या पाठीशी इतकी मोठी सामाजिक व्यवस्था उभी असते, हे मला तिथे जाईपर्यंत सुचलंही नव्हतं.

तरी या जगाचं कौतुक करताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. श्रम हीसुद्धा किंमत आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाला फेब्रुवारीतला शनिवार-रविवार मिळत नाही. गाडी नसेल तर इथे पोहोचता येत नाही. लॉजमध्ये त्या रात्री गोऱ्या चेहऱ्यांखेरीज आम्ही दोघी आणि एक जपानी तरुण, एवढेच होतो. दाराला कुलूप नाही हे खरं, पण कुणीतरी हात धरून आत नेल्याशिवाय ते दार दिसत नाही. भाचीला तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने आणलं, भाचीने मला. दर हिवाळ्यात ती दोन-तीन नव्या मुलींना घेऊन जाते. केरळच्या, फिलिपिन्सच्या. पहिल्या दिवशी त्या तिघी-चौघी दोरापाशी एकमेकींना उचलत असतात, असं ती सांगते.

आणि बर्फ. तिकडच्या हिमनद्यांवरची उन्हाळ्याअखेरची बर्फरेषा १९७७ पासून दरवर्षी विमानातून मोजली जाते. ट्रेव्हर चिन या हिमशास्त्रज्ञाने ते काम सुरू केलं. ती रेषा वर सरकते आहे. कृत्रिम बर्फावर न जगणाऱ्या क्लबला याचा अर्थ थेट कळतो: दोर जुलैऐवजी ऑगस्टात सुरू होतो, किंवा मध्येच पाऊस येऊन सगळं धुऊन नेतो. उत्तर बेटावर रुआपेहू डोंगरावरची दोन मोठी स्की केंद्रं चालवणारी संस्था २०२२ मध्ये, महामारीची बंधनं आणि बर्फाचा तो वाईट हंगाम यांनंतर, कर्जापायी प्रशासकांच्या हाती गेली. लहान क्लबांवर तेवढं कर्ज नसतं. हंगाम गेला तर ते चुकचुकतात, रंगकाम करतात आणि पुढच्या वर्षाची वाट पाहतात. पण असे किती हंगाम ओळीने गेले तर मुलं दोर पकडायला शिकायचीच थांबतील, याची धास्ती मला तिथल्या थोरांच्या बोलण्यात जाणवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीवर टकटक झाली. किआ. जगातला एकमेव डोंगरी पोपट. अंगाने हिरवा, पंख उचलला की खालून केशरी. गाडीचं रबर कुरतडायची त्याला हौस, म्हणून खाली वाहनतळावर सगळे काचेच्या कडा तपासत असतात. मेंढ्यांवर हल्ला करतो म्हणून शंभर वर्षं सरकार त्याच्या डोक्यावर बक्षीस देत होतं. दीडेक लाख पक्षी मारले गेले. १९८६ साली त्याला पूर्ण संरक्षण मिळालं. आता रानात काही हजारच उरलेत. ओट्यावर तिघे जण आले होते. एकाने माझा सुकत घातलेला हातमोजा ओढून नेला आणि दुसऱ्यापुढे टाकला. तो परत मिळवायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात ऊन कड्यावर आलं.

रात्रभर दक्षिणेची थंडी होती. चार बोटं नवा बर्फ पडला होता. दोर सुरू होण्याआधी पेट्रोलर वर जाऊन आले, दूर कुठेतरी त्यांनी लावलेल्या सुरुंगाचा आवाज खोऱ्यात घुमला, थोडा बर्फ घसरल्याची पांढरी धूळ दिसली. मग इंजिन धडधडलं. मी अडकित्ता पहिल्या खेपेत लावला. वरून कड्याच्या पलीकडे क्रेगीबर्नचं खोरं, आणि दोन्ही क्लबांच्या मधलं ॲलन्स बेसिन दिसत होतं, अजून एकाही रेघेशिवाय. भाची पुढे गेली. मी तिच्या रेघेच्या बाजूने, ती न मोडता, हळूहळू उतरले. खाली येईपर्यंत वाटेत कुणी भेटलं नाही. दुपारी आम्ही बटाटे सोलले.

यंदा फेब्रुवारीत एका रविवारी तिने व्हिडिओ कॉल केला. फोन दगडाला टेकवून ठेवला होता. बर्फाचा मागमूस नव्हता. पिवळ्या गवतावर तो लांब दोर नागमोडी पसरलेला, त्याच्या दोन्ही टोकांचे पेड उसवलेले. एका बाजूला ते गृहस्थ मांडी ठोकून बसले होते, समोर ही. तिच्या मुठीत एक पेड, दातांत दुसरा. मी विचारलं, कसं चाललंय. तिने दातांतला पेड काढून मांडीखाली दाबला.

“मावशी, नंतर बोलू या का? आता हात सोडला तर पीळ सुटेल.”

ती पुन्हा खाली वाकली. फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बराच वेळ मला वाकलेल्या दोन पाठी दिसत होत्या, आणि मग कुठूनतरी किआची हाक आली आणि पडदाभर एक वाकडी चोच.